डालग्याखालचा दिवा

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा. शेवगावच्याही पलीकडं, जिथं कावळासुद्धा शिदोरी बांधून उडायचा, अशा एका गावात मी समाजकार्याचे विद्यार्थी घेऊन गेलो होतो. धडधाकट माणसं ऊसतोडीला संगमनेरकडं गेलेली. मागं उरल्या शेळ्या नि म्हातारी माणसं. म्हाताऱ्यांसोबत काम करायला शिकायचं, तर याहून चांगली शाळा कुठली? मी असं भाषण ठोकलं की भिंतीवरची पाल मान डोलवायला लागली. "पडणं हा म्हातारपणाचा पहिला शत्रू! अंधार नि निसरडं, दोन्ही टाळा!"

एका विद्यार्थिनीनं ते फारच मनावर घेतलं. तिच्या वाट्याची आजी शेळ्या घेऊन रानात गेली होती. पोरीनं मायेनं घर सारवलं. आजी ओल्यावर घसरेल म्हणून मधोमध दिवा लावला. कोंबड्यांनी तो पाडू नये म्हणून वर बांबूचं डालगं, ते मोठं टोपलं, पालथं घातलं. माणूस गेल्यावर त्या जागी सारवून असाच दिवा झाकून ठेवतात, हे त्या शहरातल्या पोरीला काय ठाऊक!

शेजारीण डोकावली आणि तिनं असा हंबरडा फोडला की गोदावरीचं पाणी हातभर मागं सरकलं म्हणतात. मी पोचलो तर अंगण रडणाऱ्यांनी गच्च भरलेलं.

"सर, आजी रानात आहेत हो! मी कधीची ओरडतेय, कुणी ऐकतच नाही," पोरगी रडकुंडीला आली होती. "आणि त्यांच्या मुलाला आणायला पुतण्या संगमनेरला निघाला!"

जित्या आईपायी तो कोयता टाकून, ऊर बडवत येणार! मी फाट्याकडं असा धावलो की एक चप्पल मागं राहिली, ती अजून मला गाठतेच आहे.

पुतण्या दगडावर बसलेला. "मास्तर, यष्टी आलीच न्हाई अजून."

जन्मभर एसटीला शिव्या घातल्या, त्या दिवशी रिकाम्या रस्त्याला हात जोडले.

परतलो तर आजी काठीवर हनुवटी टेकून, शेळ्यांच्या घोळक्यात उभी राहून स्वतःचंच गुणगान ऐकत होती.

"माज्यावानी गुनाची बाई न्हाई म्हनं! आन काल शेळी कपाशीत शिरली तवा काय म्हनत हुतीस गं?"

"जिती हायेस व्हय गं, भवाने!" शेजारीण तिच्या गळ्यातच पडली.

पोरीचे डोळे थांबेनात. आजीनं तिला जवळ ओढलं. "रडू नगं बाय. सारवान झ्याक केलंस. पन उद्यापासनं आदी मला इचार, मंग हात लाव. आता उचल ते डालगं. कोंबड्या कोंडायच्या हायेत."