हॅमरवर फिरवलेली कानस

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आता तुम्हाला सांगतेय – अडखळत का होईना, पण सगळं.

मी पिस्तूल क्लबात जाते म्हटलं की आपली माणसं दचकतात. सिडनीच्या केलीव्हिलमधली, मूळची पुण्याची फिजिओथेरपिस्ट, आणि बंदूक? पण मला तिथे नेलं वैशालीने. ती नर्स, जवळच स्कोफिल्ड्सला राहते, युनिव्हर्सिटीपासूनची माझी मैत्रीण. आम्ही सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर वापरायचो. त्यात प्रत्येक गोळीआधी मागचा हॅमर अंगठ्याने ओढून चढवावा लागतो. ट्रिगर तो फक्त सोडतो. वैशाली फार काटेकोर. गोळ्यांच्या सहा घरांत पाचच गोळ्या, आणि कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवताना हॅमर रिकाम्या घरावर टेकलेला – म्हणजे धक्का लागला तरी गोळी उडायला नको. माझंही ती न विचारता तपासायची. मला राग यायचा का? यायचा, थोडा.

माझे हात लहान. हॅमर ओढायला जड जायचा, ट्रिगरही. बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथकडून ते हलकं करून घ्यायला थांबावं लागणार होतं आणि मला थांबायचं नव्हतं. स्पर्धा जवळ आली होती, आणि – खरं सांगायचं तर – मला वैशालीला हरवायचं होतं. एका आर्व्होला, भर दुपारी, गराजमध्ये बसून, व्हिडिओ बघत, मी स्वतःच हॅमरवर कानस फिरवली. चढवलेला हॅमर ज्या खाचेवर अडून राहतो, त्या खाचेवरही. ट्रिगर हलका झाला. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर मात्र एक-दोनदा आपोआप खाली पडला. मी पाहिलं आणि सोडून दिलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

पुढच्या प्रॅक्टिसला वैशालीचं रिव्हॉल्व्हर अडकलं, म्हणून मी तिला माझं दिलं. तिने हॅमर चढवला – आणि गोळी सुटली. समोरच्या मातीत गेली, कारण नळी समोर ठेवायला ती कधी विसरत नसे. कुणाला लागलं नाही. नेमबाजीवर देखरेख करणारा रेंज ऑफिसर धावत आला.

"माझं बोट ट्रिगरवर नव्हतं," ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अगदी शेजारी उभी होते.

"होतं, बहुतेक," मी म्हणाले.

एवढंच. क्लबने तिची नेमबाजी काही काळ बंद केली. ती परत आलीच नाही. मी गुपचूप नवा हॅमर बसवून घेतला. पण नुकसान क्लबपुरतं राहिलं का? तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून जायचं होतं. तो अर्ज तिने मागे घेतला. "मला माझ्याच हातांचा भरवसा वाटत नाही गं," माझ्या किचनमध्ये बसून ती म्हणाली होती. मी तिला चहा करून दिला. चहा!

वर्षं गेली. मागच्या शनिवारी क्लबात एक नवी मुलगी शिकायला आली. तिला समजावताना माझ्या तोंडून गेलं, "आमच्यात एकजण होती, तिने बोट आधीच ट्रिगरवर ठेवलं…" आणि मी थांबले. खोटं आता मी शिकवायलाही लागले होते?

रविवारी स्कोफिल्ड्सला गेले. दारातच सगळं सांगितलं. वैशालीने मला आत बोलावलं नाही. तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे मी बरोबर होते," ती म्हणाली. रागाने नाही – हरवलेलं काही सापडावं तशी. मग राग आला. तोही मी ऐकून घेतला, सगळा.

सोमवारी मी क्लबला लेखी कळवलं. त्यांनी माझी मेंबरशिप थांबवलीय, पुढचं ते ठरवतील. क्लबने वैशालीला फोन करून माफी मागितली, हे मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. थिएटरसाठी तिने पुन्हा अर्ज केलाय, हेही. माझ्याशी ती बोलत नाही.

या शनिवारी ती रेंजवर जाणार आहे. मी तिथे नसेन.