टायरकाकांचं नख

टायरकाकांच्या उजव्या अंगठ्याचं नख चांगलं पाव इंच वाढलेलं असे. बाकीची नऊ नखं पार मुळापर्यंत कापलेली. हात दिवसभर रबरात आणि ग्रीसमध्ये, पण ते एक नख मात्र रोज लिंबाच्या फोडीने घासून पांढरंशुभ्र ठेवलेलं. दुकानात नवा टायर आला की काका तो लोळवत उन्हात आणत, त्याच्यासमोर उकिडवे बसत आणि नख रबरात दाबून धरत. मग नख उचलायचं आणि उमटलेली खूण भरून यायला किती वेळ लागतो ते बघायचं. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने गप्प उभं राहायचं असा अलिखित नियम होता. काकांचा चेहरा अशा वेळी नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा व्हायचा.

दुकान इतवारीत, भांड्यांची गल्ली संपते तिथे. माझे वडील शाळामास्तर. त्यांच्या स्कूटरचा टायर बदलायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि पुढे माझे केस पिकले तरी काकांच्या लेखी मी मास्तरची पोरगीच राहिले. काटोलहून संत्री आणणारे टेम्पोवाले, बुटीबोरीला कामगार नेणाऱ्या बसचे ड्रायव्हर, सगळे त्यांच्याकडेच यायचे. नागपूरचा उन्हाळा काय असतो ते इथल्या टायरला विचारावं. मे महिन्यात डांबर पाघळतं, चप्पल रस्त्याला चिकटते, आणि मऊ रबराचा टायर दोन उन्हाळ्यांत झिजून गोटा होतो. कधीकधी भर रस्त्यात फुटतो. काका म्हणत, "नख शिरलं का समजायचं, हा आपल्या गावचा नाही." कडक रबर निवडायची ही त्यांची रीत होती आणि चाळीस वर्षांत ती चुकल्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

पण नख दाबण्याआधी प्रश्न असायचे, आणि ते काही संपत नसत. गाडी कुठे जाते, रस्ता कसा आहे, वजन किती भरता, आणि सगळ्यात शेवटी, "गाडीत कोण बसते?" मी माझी पहिली गाडी घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझी अशी काही झडती घेतली की मी वैतागून म्हटलं, काका, मी टायर घ्यायला आले आहे, सोयरीक जुळवायला नाही. ते हसले, पण उत्तर घेतल्याशिवाय जॅक लावला नाही. मी म्हटलं, मी आणि माझी मुलगी. तेव्हा कुठे उठले. एकदा काटोलच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी रिमोल्ड केलेले, म्हणजे झिजल्यावर वरून नवं रबर चढवलेले टायर द्यायला साफ नकार दिला, कारण त्या गाडीतून त्याची म्हातारी आई दवाखान्यात जायची. तो चिडून शेजारच्या दुकानात गेला. काका शांतपणे लिंबाची फोड शोधत बसले.

प्रफुल्ल त्यांचा एकुलता एक मुलगा. हुशार, देखणा आणि वडिलांच्या धंद्याची थोडी लाज वाटणारा. कॉलेजात कोणी विचारलं तर वडील ऑटोमोबाईलमध्ये आहेत असं सांगायचा. दुकानाची पायरी त्याने फारशी चढली नाही. काका संध्याकाळी घरी जाण्याआधी केरोसीनने हात धुवायचे, मग साबणाने, मग पुन्हा एकदा साबणाने. मुलाच्या ताटाशेजारी काळे हात नकोत म्हणून. प्रफुल्ल इंजिनियर झाला, कॅनडात नोकरीला लागला, आणि आठवड्यातून एकदा काकूंना फोन करू लागला. काकांच्या वाट्याला त्यातलं "बाबा कसे आहेत" एवढंच यायचं.

म्हणून तो फोन आला तेव्हा काकांचं काय झालं असेल याची कल्पना करता येईल. दसरा नुकताच होऊन गेला होता, दुकानातल्या जॅकवर झेंडूची माळ अजून सुकत होती, आणि माझी गाडी वर चढवलेली होती. फोन प्रफुल्लचा. थेट काकांना, दुकानात. त्याने तिथे जुनी गाडी घेतली होती आणि टायर घ्यायला दुकानात उभा होता. दुकानदार दोन प्रकार दाखवत होता. एक बारमाही आणि दुसरा खास हिवाळ्याचा. हिवाळ्याचा घ्या असा त्याचा आग्रह होता, पण तो टायर मऊ होता, उन्हाळ्यात लवकर झिजतो म्हणे, आणि वर्षातून दोनदा बदलायची कटकट. बाबा, कुठला घेऊ?

काकांनी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मुलाने त्यांना त्यांच्या धंद्यातलं काही विचारलं होतं. त्यांची छाती अशी फुगली होती की मला हसूच आलं. ते म्हणाले, "नख लावून पाह्य गा." पलीकडे प्रफुल्लही हसला. दोन्ही टायरना नख लावून म्हणाला, हिवाळ्याच्यात शिरतंय बाबा, बारमाहीत नाही शिरत. "मंग इचारून काय राहिला? कडक घे. दुकानदार तं म्हणनच." आणि मी, आगाऊ कुठली, मध्येच ओरडून म्हटलं, घे रे प्रफुल्ल, काकांचं नख चुकत नाही.

त्याने बारमाही टायर घेतले. काकांनी त्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला.

जानेवारीत प्रफुल्ल गेला. सकाळी कामावर जाताना, लाल दिव्यापाशी गाडी थांबलीच नाही, घसरत सरळ चौकात गेली, आणि समोरून ट्रक आला. बातमी कळल्यावर आम्ही गेलो तेव्हा काका ओसरीवर बसून होते. रडत नव्हते. माणसं येत होती, खांद्यावर हात ठेवत होती, आणि ते प्रत्येकाला एकच सांगत होते की पोराने गाडी कधी जोरात चालवली नाही.

टायरचं त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. ते कळलं एप्रिलमध्ये, प्रफुल्लचा एक मित्र त्याचं सामान घेऊन आला तेव्हा. मीही तिथेच होते. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, बोलता बोलता बोलून गेला. तिकडे थंडी फार पडली की बारमाही टायरचं रबर दगडासारखं होतं, बर्फाला धरत नाही. हिवाळ्याचा टायर मऊ असतो तो त्याचसाठी, गारठ्यातही लवचिक राहतो. आम्ही प्रफुल्लला म्हणत होतो बदल म्हणून. पण त्या दिवशी बर्फ इतका गुळगुळीत होता की कुठलाही टायर असता तरी सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं. काकांनी ते ऐकलंच नाही असं मला वाटतं. त्यांनी फक्त विचारलं, की पुढच्या वेळी येशील तेव्हा त्या मऊ टायरचा एक तुकडा आणशील का.

त्याने आणला, तळहाताएवढा. काकांनी दुकानातल्या कडक टायरचा तेवढाच तुकडा कापला आणि दोन्ही घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले. काकूंनी मटाराच्या पिशव्या मुकाट्याने बाजूला केल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी दोन्ही तुकडे बाहेर काढून फरशीवर टाकले. मऊ तुकडा पडला तो नुसताच पडला. कडक तुकड्याचा टक्कन आवाज झाला, खडा पडावा तसा. काकूंनी सांगितलं, त्यांनी तो पुन्हा उचलून टाकला, पुन्हा टाकला. मग आतल्या खोलीत गेले आणि नेलकटर मागितलं.

पुढच्या खेपेला मी दुकानात गेले तेव्हा ते नख नव्हतं. दहाही बोटं सारखी. काकांचं नख चुकत नाही, हे ओरडणारी मीच होते. काकांनी ते मला एका शब्दाने कधी आठवून दिलं नाही, आणि त्यामुळे मला ते विसरता आलं नाही.

त्यानंतर दुकान चाललं, पण काका त्यात नव्हते. गिऱ्हाइकाने विचारलं की कुठला घेऊ, तर दोन टायर समोर मांडून म्हणायचे, तुम्हीच पाहा. टेम्पोवाले गोंधळून जायचे. चाळीस वर्षं ज्या माणसाने त्यांना विचार करू दिला नव्हता, तो आता त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. एकदा मात्र ते आपणहून माझ्याशी बोलले. म्हणाले, "साऱ्या गावाले इचारलं वं मी, रस्ता कसा हाय म्हणून. त्यालेच नाही इचारलं." मी म्हटलं, तुम्हाला आनंद झाला होता काका. ते म्हणाले, "व्हय. तेच तं."

दोन वर्षांनी माझी मुलगी सई कॅनडात शिकायला गेली, आणि दुसऱ्या वर्षी तिने गाडी घेतली. मी काकांना सांगितलं नाही. त्या घरात जाऊन हा विषय कुठल्या तोंडाने काढायचा? पण इतवारीत कुठलीही गोष्ट लपत नाही. एका रविवारी काकाच माझ्या दारात उभे. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. म्हणाले, पोट्टीले फोन लाव.

सई स्क्रीनवर आली. काकांनी तिला आधीच सांगून टाकलं, कोणता टायर घ्यायचा ते मी सांगणार नाही. आणि मग सुरू झाले ते प्रश्न. इतक्या वर्षांनी मी ते पुन्हा ऐकत होते. थंडी किती पडते. रस्त्यावर बर्फ साचून राहतो की वितळून परत गोठतो. गाव सोडून लांब जातेस का. उतार आहेत का. उन्हाळ्यात गाडी किती चालवतेस. सई एकेक उत्तर देत होती आणि काका मान हलवत होते. शेवटचा प्रश्न तोच होता. "गाडीत कोण बसते?" सई म्हणाली, मी एकटीच, काका.

मग काकांनी विचारलं, तिथला दुकानदार काय म्हणतो? ती म्हणाली, हिवाळ्याचे घ्या म्हणतो, चारही नको असतील तर निदान पुढचे दोन तरी. मलाही वाटतं दोन पुरतील, आपल्याकडे नाही का, दोन-दोनच बदलतात. "नाही," काका म्हणाले, "चारही घे. अन् पोरी, दुकानातल्या उबेत हात लावून काही समजत नाही. बाहेर थंडीत ठेवलेल्या टायरले दाबून पाह्य."

जानेवारीच्या शेवटी सईचा फोन आला. उतारावर लाल दिवा लागला, समोर शाळेची बस, खाली बर्फाची नुसती काच. तिने ब्रेक दाबला, गाडी जरा हलली आणि थांबली. तिला ते आधी काकांना सांगायचं होतं. मी दुकानात गेले आणि फोन त्यांच्या हातात दिला. सई एवढंच म्हणाली, "काका, थांबली." काकांनी फोन काउंटरवर ठेवला आणि मागे जाऊन हात धुऊ लागले. केरोसीनने, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. फोन चालूच होता. नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्याच वर्षी मे महिन्यात काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. ऊन असं होतं की त्यांना नेताना रस्त्यावर पाऊल ठेववत नव्हतं.

तेरवी झाल्यावर मी काकूंकडे गेले. दुपारची वेळ, कूलर घरघरत होता. काकू स्वयंपाकघरात फ्रीजसमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, हे आता काढून टाकू का? दोन्ही तुकडे तिथेच होते. काकांनी ते कधी हलवले नव्हते आणि काकूंनीही त्यांना हात लावला नव्हता. इतक्या वर्षांचे मटार त्यांच्या शेजारी आले आणि गेले. आम्ही ते काढून ओट्यावर ठेवले. त्यांच्यावर पांढरा थर धरला होता, तो बघता बघता पाणी होऊन ओघळला. चहा होईपर्यंत दोन्ही कोरडे झाले.

काकूंनी कडक तुकडा उचलला आणि फरशीवर टाकला. आवाज आला नाही. त्यांनी तो पुन्हा उचलला, दोन्ही हातांत धरून वाकवला. तो थोडासा वाकला आणि सोडल्यावर सरळ झाला. काकूंनी तो पदराने पुसला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाह्य वं. इथं तं चांगलाच हाय हा टायर. इथलंच सांगितलं व्हतं त्याइनं."

मला काकांच्या जाण्याचं रडू तोवर आलं नव्हतं. ते तेव्हा आलं. हे वाक्य तीन-चार वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना ऐकवायला हवं होतं, आणि ज्या तोंडाने मी त्या दिवशी दुकानात ओरडले होते, त्याच तोंडाने ते मला सांगता आलं असतं. मला सुचलं नाही.