भाड्यानं द्यायचं पहिलं घर

कोरड्या तंबाखूचा वास कुठंही आला की मला सोलापूरच्या विणकर वस्तीतली ती दुपार आठवते. भाड्यानं द्यायला पहिलं घर घ्यायचं म्हणून मी आणि बायको आठवडाभर फिरत होतो. होटगी रोडवरचा चकचकीत फ्लॅट मी मनात जवळजवळ पक्काच केला होता. एजंटनं जाता जाता या वस्तीतली दोन खोल्यांची जागाही दाखवली. वरचा पत्रा तापला होता, शेजारी यंत्रमागांची खडखड चालली होती आणि आत एक वयस्क भाडेकरीण सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळत होती. "मावशी, घर बघायला आलेत," एजंट म्हणाला. तिचे हात थांबले. "म्हंजे आमी आता निघायचं व्हय?" एजंटनं तिच्याकडं न बघता आतली खोली दाखवायला घेतली. मग तीच उठली आणि म्हणाली, "आलाय तर नीट बघून घ्या की. ह्या कोपऱ्यात पावसाळ्यात लई गळतंय. नळाची धारबी बारीक हाय." एजंटचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "त्या फ्लॅटचं असं कुणी सांगितलं का आपल्याला?" आम्ही तीच जागा घेतली, पत्रा बदलला आणि मावशी शेवटपर्यंत तिथंच राहिली. पुढं मी आणखी दोन घरं घेतली; पण घर बघायला गेलो की आजही एजंटला बाहेर थांबवतो आणि आधी आत राहणाऱ्या माणसाशी बोलतो.