शोधनिबंध पाठवावेत

विभागाच्या फलकावर आमच्या कार्यशाळेसाठी शोधनिबंध मागवणारं निवेदन लावलं होतं. काचेवर बोट ठेवून मंजिरी ते ओळीओळीने वाचत होती. माझी जुनी विद्यार्थिनी, कसलासा दाखला न्यायला आली होती. कार्यशाळेचा विषय तिच्या आवडीचा: संगणकाचा प्रोग्राम चालवून दाखवणं वेगळं आणि तो चुकणारच नाही हे गणिताने सिद्ध करणं वेगळं. या दुसऱ्या कामाची तिच्याइतकी गोडी माझ्या वर्गात कुणालाच लागली नव्हती. एक सिद्धता अर्धी ठेवून ती नोकरीला लागली.

"सर, अजून भरवता तुम्ही हे?"

त्या 'अजून'मध्ये टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"शोधनिबंध आले तर भरवू. यंदा एकही नाही आलेला. तुझं अर्धं राहिलेलं पूर्ण करून पाठव ना."

ती हसली. "आमच्याकडे म्हणतात, चालतंय ना, मग पुढे चला. घरी पोचेपर्यंत डोकं शिल्लक राहत नाही, सर."

माणसं विषय सोडतात ती भांडून नव्हे. आज वेळ नसतो, उद्या नसतो, आणि मग त्याचं नाव निघालं की चेहऱ्यावर जुन्या ओळखीचं हसू तेवढं येतं.

"माझ्यासाठी मुदत वाढवू नका हं," जिना उतरताना ती म्हणाली.

मी वाढवली. तीही उलटून गेली. कार्यशाळा रद्द झाल्याचं कळवायला बसलो, तेव्हा लक्षात आलं, कळवावं असं कुणी नव्हतंच.