उंच बाईचे मांडे

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत शोधत गेलात, तरी आमच्या मिशनच्या मळ्यावर आलेल्या उंच बाईइतकी कष्टाळू आणि तिच्याइतकी निरुपयोगी बाई तुम्हाला सापडायची नाही. रावेरजवळच्या त्या मळ्यावर मी स्वयंपाकाला होते. गावात टीव्ही फक्त सरपंचांकडे होता, त्या काळातली गोष्ट. परदेशातून तरुण मुलंमुली वर्षभर बिनपगारी काम करायला यायची. पहाटे घंटा झाली की प्रार्थना, मग गोठा, न्याहारी, केळीत खुरपणी, दुपारी आपापली ताटं घासून थोडी झोप. सगळी हळूहळू रुळायची. ही मात्र पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरताना चौकटीला डोकं आपटून घेऊन चौकटीलाच "माफ करा" म्हणाली.

आभार मानायचं तर तिला वेडच होतं. पाणी दिलं, धन्यवाद. वाट सोडली, धन्यवाद. म्हशीने दूध दिलं की म्हशीलाही धन्यवाद, तेही समोर जाऊन, तिच्या तोंडाकडे पाहून. एकदा म्हशीने लाथ मारून बादली सांडली, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातली एक बाई म्हणाली, "आता दे ना व धन्यवाद तिले." उंच बाई थोडा विचार करून म्हणाली, "आज नाही." मराठी ती आम्हा बायकांकडूनच शिकली होती, त्यामुळे फादरांशीसुद्धा "मले भूक लागली" असंच बोलायची. खुरपायला बसली की तिचे गुडघे कानांशी यायचे आणि उठताना शेजारची दोन झाडं हलायची. केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब कापून टाकायचे असतात, नाहीतर मोठ्या झाडाचं पोषण तेच खातात आणि घड बारीक राहतो. हे काम तिला दिलं. तिने एकही कोंब कापला नाही. मुळांसकट अलगद काढून जागा दिसेल तिथे लावून टाकले: संडासाच्या वाटेवर, गोठ्याच्या तोंडाशी, प्रार्थनेच्या खोलीच्या पायरीजवळ. पावसाळ्यानंतर फादर प्रार्थनेला केळींना वळसा घालून जायला लागले. मळ्याचा कारभार पाहणारे नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "कापाले सांगितलं होतं न बाई?"

"जिवंत होते ना, नाना," ती म्हणाली.

वर्ष संपत आलं. तिला आणखी एक वर्ष राहायचं होतं. मळ्याचा नियम असा, की वर्ष झालं की परत जायचं. मळ्यावरच्या कुणी कामासाठी मागून घेतलं तरच राहता यायचं. नानांनी सांगून टाकलं, "वावरात इचा काय उपेग? धाडा घरी." फादर म्हणाले, आखाजीनंतर ठरवू. माझ्याजवळ ती म्हणाली, "अक्का, तिकडे कुनी मही वाट पाहत नाही. इथे म्हैस तरी पाहते." हसतच म्हणाली, पण नंतर कितीतरी वेळ एकच पातेलं घासत बसली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी आमरसाबरोबर मांडे होतात. पुरण भरलेला मऊ गोळा दोन्ही हातांवर झेलत वाढवायचा आणि कोपरापर्यंत पसरला की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. त्या वर्षी आमच्यातल्या दोघी माहेरी गेलेल्या, हात कमी पडत होते. उंच बाई म्हणाली, "मी करू?" पहिला मांडा तिच्या खांद्यावर गेला. दुसरा राखेत. तिसरा मात्र हातांवर चढला आणि वाढतच गेला, कारण तिच्या हातावर कोपर फार उशिरा येत होतं. तिने तो खापरावर टाकला, तर चहूबाजूंनी धोतर वाळत घातल्यासारखा खाली लोंबायला लागला. "खापर पुरत नाही व माय," बायका हसून लोळायला लागल्या. शेवटी नानांनीच फुटक्या रांजणाचं बूड आणून दिलं आणि त्यावर तिने अख्ख्या मळ्याचे मांडे केले. केसांत पीठ, हात लालभडक.

जेवताना फादरांनी विचारलं, "मग हिचं काय करायचं? कुणाला हवी आहे का ही?" ती वाढता वाढता थांबली. नाना ताटात बघत राहिले. फादरांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा दाराआडून पुढे करायचे. त्या दिवशी मी दाराबाहेर आले आणि म्हणाले, "स्वयंपाकघराले पाहिजे." आवाज चांगला मोठा निघाला.

नाना आमरसाची वाटी पुसत म्हणाले, "राहू द्या मग. पण वावरात पाठवू नका."

ती राहिली. पण दुसरं वर्ष संपल्यावर कुणी मागून घेण्याची सोय नव्हती. रावेर स्टेशनवर मी तिची ओटी भरायला गेले. पदर पुढे कर म्हटलं, तर तिच्या अंगात शर्ट-पॅंट. तिने शर्टाचंच टोक दोन्ही हातांनी पसरलं. तांदूळ, नारळ, खण घातला. "हे कशाले, अक्का?" तिने विचारलं. लेक सासरी निघाली की भरतात, म्हटलं. त्यावर ती मला धन्यवाद म्हणाली नाही. पहिल्यांदाच.

गाडी आली. दुसऱ्या कुणीतरी तिची पेटी चढवली, कारण तिचे दोन्ही हात शर्टाला गुंतले होते. खिडकीशी ती तशीच बसली, ओटी धरून, आणि हात हलवता येत नव्हता म्हणून नुसती मान हलवत राहिली. एवढ्या लांब देशी ते तांदूळ कसे पोचले, की वाटेतच सांडले, मला कधी कळलं नाही.