अमळनेर गेलं तेव्हा मी वाचत होतो

बैठकीच्या कागदावर असं लिहिलेलं आहे: वार रविवार, होळीच्या आधीचा. लग्नखर्च तीन लाख दहा हजार, सगळा मुलीकडचा. हजर: मुलीचे वडील, मुलाचे वडील, मुलाचे काका, मुलीचे मामा. त्यातला मामा मी. सुपारी फुटली तेव्हा मी तिथे नव्हतो. मेहुण्यांनी माझी लाज राखायला मला हजर लिहिलं.

भाचीचं लग्न ठरत होतं. मेहुणे चार माणसांत बोलायला बुजतात, म्हणून खर्चाचं मी बोलायचं हे अक्काने महिनाभर आधीच ठरवलं होतं. माझी थोरली बहीण ती, अमळनेरला असते; बैठक तिच्याच घरी होती. मी जळगावात एका डाळमिलमध्ये हिशेब पाहतो. जेवणाची सहाशे पानं, पानाला तीनशे, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. धुळ्याचं कार्यालय मांडवासकट एक लाख तीस हजार. दोन्हीचं निम्मं-निम्मं करायचं, एवढंच मला तिथे बोलायचं होतं. मुलाकडचे ऐकतील असं वाटत होतं. मंडळी वाईट नव्हती, फक्त कोणीतरी विषय काढायला हवा होता.

निघताना माझ्या मुलीशी थोडं वाजलं. ती कॉलेजात आहे. चारशे नव्वद रुपयांचं इंग्रजी पुस्तक तिने मागवलं होतं, फिलिपाईन्सकडच्या लोककथांवर रचलेली प्रेमाची कादंबरी. एवढ्या पैशात भुताखेतांची लफडी वाचायची का, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, वाचून मग बोला. म्हणून पिशवीत टाकलं, चुका काढायच्या हेतूने.

गाडीत बसलो आणि उघडलं. सतरा वर्षांची मुलगी, आणि वडासारख्या एका जुन्या झाडात राहणारा, न दिसणाऱ्या लोकांपैकी एक मुलगा. रानात घोड्याच्या तोंडाचा एक माणूस वाटसरूंना भुलवून तिथल्या तिथे फिरवत ठेवतो. सदरा उलटा घातला की वाट सापडते. हा तर आपला चकवा, असं मनात आलं आणि मी हसलो. आमचे आबा सांगायचे, चकवा लागला तर चपला काढून खाली बस. नशिराबादच्या शिवारात ते एकदा असे बसले होते म्हणे. इंग्रजी माझं हिशेबापुरतं, तरी पानं भराभर उलटत होती.

मग तो मुलगा तिला आपल्या घरी नेतो. तिच्यापुढे थाळी येते, थाळीत काळा भात. तो खाल्ला की परत आपल्या माणसांत येता येत नाही. त्याला ते ठाऊक आहे, तो सांगत नाही. तिने घास उचलला, आणि मी मान वर केली तेव्हा बाहेर नरडाण्याची पाटी होती, अमळनेर मागे पडलं होतं.

फोन मुका करून पिशवीत ठेवलेला. मेहुण्यांचे तीन फोन येऊन गेले होते. मी उतरलो आणि त्यांना सांगितलं की गाडी क्रॉसिंगला अडकली आहे. त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. मुहूर्त टळायला नको म्हणून थोडं थांबून मंडळींनी सुपारी फोडली. खर्चाचं विचारलं तेव्हा मेहुणे म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. सुपारी फुटल्यावर ठरलेलं कोणी उकरत नाही. उकरलं तर मुलीच्या घराचा शब्द खोटा पडतो.

मिळेल त्या गाडीने मी पोहोचलो तेव्हा पेढे वाटून झाले होते. मुलाच्या काकांनी सरकून मला जागा दिली.

“गाडी ते येळवर व्हती, भाऊ. आम्ही बी तिनामाच उनूत.”

म्हणजे ते त्याच गाडीने येऊन वेळेवर उतरले होते. मग त्यांनीच सावरून घेतलं, डोळा लागला असेल म्हणाले. मी हो म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो. मेहुणे कागदाची घडी घालत होते.

परतीच्या गाडीत मी उरलेली पानं वाचली. हे कोणाला सांगणार नव्हतो.

आठ दिवसांनी अक्काकडे गेलो. निम्मे पैसे मी देतो म्हटलं. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरंच झोपला होतास का, एवढंच तिने विचारलं. लहानपणापासून तिच्यापुढे माझ्या खोट्याचा हिशेब कधी जुळला नाही. पुस्तकाचं सगळं सांगितलं, झाडातल्या मुलासकट. पन्नाशीला आलेला माणूस. कान तापले होते.

ती दाण्यांची टरफलं पाखडत होती. सूप थांबलं.

“मंग? खादा का तिनी भात?”

“नही खादा.”

मी उत्तर देऊन बसलो तेव्हा लक्षात आलं. मी शेवटपर्यंत वाचलं होतं, बैठक हातची घालवल्यावरसुद्धा, हे तिला आता कळलं होतं. सूप पुन्हा हलायला लागलं. मग ती म्हणाली, तुझ्या मेहुण्यांना झोपेचंच माहीत राहू दे, त्यांना ते सोसेल.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात धुळ्याला जाऊन मी स्वतः पैसे दिले: नव्वद हजार आचाऱ्याला, पासष्ट हजार कार्यालयवाल्याला. एकूण एक लाख पंचावन्न हजार, पावत्या मेहुण्यांच्या नावाने.