लायलॅकची ऑक्टोबर छाटणी

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा! चहा ओतलाच आहे, तर माझी फजितीही ऐकून टाका.

इथं मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्या शेजारी शैलाकाकू राहतात. त्यांच्या बॅकयार्डात लायलॅकचं जुनं, छपराला टेकलेलं झाड. मेमध्ये जांभळ्या फुलांचे असे घोस लागतात, की वास थेट आमच्या किचनमध्ये! काकूंनी ठरवलं होतं, लेकीचा, रियाचा, साखरपुडा मेमध्ये याच झाडाखाली करायचा.

त्याआधीच्या ऑक्टोबरात त्या खरेदीला पुण्याला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "झाडाचं वाळलेलं तेवढं काढशील का रे?"

अहो, मी नाशिकचा! द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी बघत वाढलेला. बसच्या खिडकीतून का होईना, बघितलीय ना?

शनिवारी कात्री-करवत घेऊन गेलो. आता मला सांगा, मिशिगनच्या ऑक्टोबरात वाळलेलं दिसत नाही असं काय असतं? झाड म्हणजे नुसता खराटा! वर प्रत्येक फांदीच्या टोकाला टपोऱ्या गाठी. म्हटलं, कीड!

बायको म्हणाली, "अरे, कुणाला तरी विचार."

"कीड काय विचारून पसरते?"

एक टोक शिल्लक ठेवलं नाही. मग हुरूप आला, तर जुन्या जाडजूड फांद्याही जमिनीलगत कापल्या. फोटो इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. "एक्स्पर्ट!" म्हणत दोघांनी आपापल्या लायलॅकसाठी बोलावलं. मी गेलोही!

काकू परतल्या. "अरे देवा, झाड कुठंय?"

"काकू, छाटणी म्हणतात याला. मेमध्ये घोस बघा!"

आणि बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला हो! रियाच्या होणाऱ्या सासरीसुद्धा सांगून टाकलं, आमच्या शेजारी झाडांतला जाणकार आहे म्हणून.

मे आला. अख्खी गल्ली जांभळी झाली. काकूंचं झाड? पानंच पानं! त्या दोघांकडेही तीच गत. मी खत घातलं, पाणी घातलं, झाडाशी बोलून पाहिलं. झाड काही बोललं नाही. काकूही बोलेनाशा झाल्या.

साखरपुड्याच्या सकाळी समोरची जोन, सत्तरीची आजी, बादलीभर लायलॅक घेऊन आली. झाडाकडे बघून तिनं विचारलं, "कुणी कापलं?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे.

"लायलॅकची फुलं सुकली की लगेच छाटायचं. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. टोकांना गाठी नाही दिसल्या तुला?"

"म्हणजे त्या... कळ्या होत्या?"

रिया डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "दादा, यू कट ऑफ ऑल माय फ्लॉवर्स?" मग तिनंच जोनची फुलं फांद्यांना दोऱ्यानं बांधायला घेतली. मी शिडी धरली.

संध्याकाळी रियाच्या सासूबाई म्हणाल्या, "काय बहरलंय झाड! तुम्हीच छाटलंत ना? आमच्याकडेही या की!"

"नको!" काकू इतक्या जोरात ओरडल्या, की भटजी थांबले.

जोननं मात्र जाता जाता मला खाली वाकवून दाखवलं. बुंध्यापाशी कोवळे कोंब वर येत होते. "जुन्या फांद्या गेल्या, त्याचा फायदाच झाला. आता धीर धर."

धरला. त्यानंतर कात्रीला हात लावला नाही. आणि यंदा मेमध्ये काकूंचा फोन. "फुललंय रे! पूर्वीपेक्षा दाट! लगेच ये बघायला."

मी आनंदानं चपला घालत होतो, तोच काकू म्हणाल्या,

"आणि ऐक, येताना हात खिशात घालून ये!"